जबाबातला ‘मी’ कोण?

१८८१च्या जानेवारीत पुण्यात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही दोन पत्रं निघाली आणि दीड वर्षभरात दोन्हींचे संपादक तुरुंगात गेले. त्याला कारण कोल्हापूर. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्समध्ये वारले. त्यांच्यामागं दत्तक घेतलेले चौथे शिवाजी महाराज वयात येत होते, पण त्यांना वेडाचे झटके येतात असं कारण पुढं केलं गेलं. महाराजांचा छळ चालला आहे, अशी कुजबुज कोल्हापुरातून पुण्यापर्यंत पोचली. अशात दिवाण माधवराव बर्वे यांच्या नावाची काही पत्रं बाहेर आली. ती खरी मानली, तर दिवाणच महाराजांच्या जिवावर उठले होते. आगरकरांनी केसरीत आणि टिळकांनी मराठ्यात बर्व्यांवर जळजळीत लिहिलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. खटल्यात पत्रं बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली. प्रत्यक्षात डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून ते बाहेर आले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तकच लिहिलं. जामिनाची तजवीज करायला महात्मा फुले पुढं आले होते, हेही या प्रकरणात विसरू नये.

कोल्हापूरचा माणूस म्हणून हे प्रकरण मी अनेकदा वाचलं आणि दरवेळी एकाच ठिकाणी अडलो. टिळक-आगरकर म्हणजे त्या पिढीतले सर्वांत चोखंदळ वाचक. एकेका शब्दावर वाद घालणारी ही माणसं. वय पंचविशी-सव्विशीचं असलं, तरी भाषेच्या बाबतीत त्यांना फसवणं सोपं नव्हतं. मग खोटी पत्रं त्यांच्या हाताखालून निसटली कशी? मला वाटतं, पत्रांतला मजकूर त्यांच्या मनातल्या संशयाशी तंतोतंत जुळत होता. छळाची शंका होती, छळ करणाऱ्याचं नाव ठरलेलं होतं, आणि नेमका तोच कागद समोर आला. एका तरुण राजाबद्दलची त्यांची कळकळ खरी होती. महाराज पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३मध्ये, अहमदनगरला नजरकैदेसारख्या अवस्थेत एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत गेले, तेव्हा काळजी उगीच नव्हती हेही दिसलं. पण काळजी खरी असली, म्हणून कागद खरा ठरत नाही.

लिहिलेल्या मजकुराची भाषा तपासून खोटेपणा पकडता येतो का, हा प्रश्न मी गेली काही वर्षं वाचतो आहे. वाचताना एक गोष्ट लवकर लक्षात आली. आपण एका प्रश्नात दोन प्रश्न कोंबतो. हे ज्याचं म्हणून दाखवलं जातं, त्यानंच लिहिलं आहे का, हा एक. आणि त्यानं लिहिलेलं खरं आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर भाषा बऱ्याचदा देते. दुसऱ्याचं फार क्वचित.

‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्ट आपल्याकडं पोराटोरांना ठाऊक आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला, आणि ‘धरावे’ या हुकमाचं कुणीतरी ‘मारावे’ केलं, असं तेव्हापासून सांगत आले. ती आख्यायिका असली, तरी तिच्यातला धडा इतिहासाचे अभ्यासक रोज वापरतात. वतनाच्या भांडणात खोट्या सनदा, खोटे महजर शेकड्यांनी तयार झाले. असा कागद हातात आला की जाणकार आधी मायना बघतो, मग कालगणना, मग फारसी शब्दांचं प्रमाण. १६७४च्या आधीच्या तारखेच्या पत्रात राज्याभिषेक शक सापडला, तर पुढं वाचायची गरजच उरत नाही. लबाडी करणारा माणूस मजकुरावर मेहनत घेतो. पण त्याच्या स्वतःच्या काळाची सवय त्याच्या हातातून उतरतेच.

बर्व्यांच्या खटल्यानंतर सातच वर्षांनी लंडनमध्ये याचा लखलखीत पुरावा मिळाला. आयर्लंडचे पुढारी पार्नेल यांच्या सहीची पत्रं ‘टाइम्स’नं १८८७ साली छापली होती. राजकीय खुनाला त्यांचा पाठिंबा आहे, असं त्यांतून दिसत होतं. चौकशी आयोगापुढं रिचर्ड पिगट नावाचा पत्रकार साक्षीला आला. ही पत्रं त्याच्याच मार्फत आलेली. पार्नेल यांच्या बाजूचे वकील चार्ल्स रसेल यांनी त्याच्यापुढं कागद सरकवला आणि चार-सहा शब्द लिहायला सांगितले. त्यांत ‘हेझिटन्सी’ हा शब्द होता. पिगटनं त्यात एका अक्षराची चूक केली. बनावट पत्रात हाच शब्द होता आणि चूकही हीच. पिगट माद्रिदला पळाला आणि तिथं त्यानं जीव दिला. प्रकरण जवळजवळ कोल्हापूरसारखंच होतं. मजबूत संशय, सोयीचा कागद, विश्वास टाकणारं वर्तमानपत्र. फरक एवढाच की इथं कुणीतरी लिहिणाऱ्याला समोर बसवून लिहायला लावलं.

आता आजच्या कागदाकडं येतो. तो कागद म्हणजे जबाब.

तीन वर्षांमागं रविवारच्या बाजारातून माझी मोटारसायकल चोरीला गेली. फिर्याद द्यायला गेलो. ठाणे अंमलदार सभ्य होते, बसायला खुर्ची दिली, पाणी विचारलं. मी सांगितलं ते साधारण असं होतं : “साडेदहाच्या सुमारास गाडी लावली. म्हणजे आधी दूध घेतलं, नाही नाही, दूध नंतर. आधी कोथिंबीर बघितली, ती महाग होती म्हणून पुढं गेलो. ओळखीचे एक मास्तर भेटले, ते म्हणाले, पावसानं भाजी सगळी नासली. परत आलो तर गाडी नाही. हँडल लॉक केलं होतं का, ते आता नक्की सांगता येत नाही. बहुतेक केलं असंल.”

संगणकावर उमटलं ते असं : मी समक्ष पोलीस ठाणेस हजर राहून फिर्याद देतो की, वर नमूद तारखेस सकाळी साडेदहाचे सुमारास मी माझे वापरते मोटारसायकल हँडल लॉक करून पार्क करून बाजार करणेसाठी गेलो. परत येऊन पाहिले असता सदरची मोटारसायकल मिळून आली नाही. आजूबाजूस शोध घेतला असता मिळून आली नाही. तरी कोणीतरी अज्ञात चोरट्याने माझे संमतीशिवाय लबाडीच्या इराद्याने चोरून नेली आहे.

मी सही केली. घरी आल्यावर प्रत वाचली तेव्हा जाणवलं, की या कागदातलं एकच वाक्य मला छातीठोकपणे खरं म्हणता येत नाही, ते हँडल लॉकचं, आणि नेमकं तेच माझं नव्हतं.

अंमलदारांना दोष देण्यात अर्थ नाही. चोरीच्या कायदेशीर व्याख्येत संमती नसणं आणि लबाडीचा हेतू या दोन्ही गोष्टी लागतात, म्हणून ते शब्द यावेच लागतात. पुढं कोर्टात कागद टिकायचा तर तो पोलिसी मराठीत लिहावा, हे त्यांना पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. पण ‘पाहिले असता’, ‘विचारले असता’ असं कोल्हापुरात कोण बोलतं? गंगावेशीपासून कसबा बावड्यापर्यंत फिरा, बोलण्यात एक ‘असता’ सापडणार नाही. जबाबात मात्र दर चार ओळींत सापडतं.

असल्याच एका छोट्या शब्दानं इंग्लंडमध्ये एका मेलेल्या माणसाचं नाव धुऊन निघालं. डेरेक बेंटली हा एकोणीस वर्षांचा, बेताच्या बुद्धीचा मुलगा. १९५२च्या नोव्हेंबरात त्याच्या सोळा वर्षांच्या साथीदारानं एका पोलिसाला गोळी घातली. साथीदार लहान म्हणून वाचला, बेंटलीला जानेवारी १९५३मध्ये फाशी झाली. खटल्यात त्याच्या जबाबाला मोठं वजन होतं. तो त्यानं आपणहून, एकही प्रश्न न विचारता सांगितला आणि आम्ही जसाच्या तसा लिहून घेतला, असं पोलीस शपथेवर म्हणाले होते. पुढं भाषाशास्त्रज्ञ माल्कम कुल्थर्ड यांनी तो ५८२ शब्दांचा जबाब तपासला. ‘देन’, म्हणजे आपलं ‘मग’ किंवा ‘नंतर’, त्यात दहा वेळा आला होता, अठ्ठावन्न शब्दांमागं एकदा. साध्या साक्षीदारांच्या जबाबांत तो नऊशे तीस शब्दांमागं एकदा येत होता. पोलिसांच्या स्वतःच्या जबाबांत अठ्ठ्याहत्तर शब्दांमागं एकदा. शिवाय बोलणारा माणूस ‘मग मी’ म्हणतो आणि इथं ‘मी मग’ होतं, ते पोलिसी लेखनाचं वळण. आणखी एक बारीक गोष्ट त्यांनी दाखवली. जबाबात ‘मला ठाऊक नव्हतं’, ‘मी पाहिलं नाही’ अशी नकाराची वाक्यं मध्येच येत होती. कुणी विचारलं नसेल, तर माणूस न घडलेलं कशाला सांगत बसेल? म्हणजे प्रश्न विचारले गेले होते, ते कागदावरून पुसले गेले होते. १९९८ साली अपील न्यायालयानं बेंटलीची शिक्षा रद्द केली. निकालामागं इतरही कारणं होती, फाशीला पंचेचाळीस वर्षं उलटली होती, तरी ‘मग मी’ आणि ‘मी मग’ यांतला फरक न्यायासनापुढं मांडला गेला, याचं मला फार मोल वाटतं.

आपल्याकडं कायद्यानं हा धोका आधीच ओळखला आहे. पोलिसापुढं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा धरायची नाही, हे १८७२च्या पुरावा कायद्यात होतं आणि २०२४च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. तपासात साक्षीदाराचा जबाब पोलीस लिहून घेतात, त्यावर त्याची सही घ्यायची नाही, असाही नियम आहे. फिर्यादीचं वेगळं. ती वाचून दाखवायची, सही घ्यायची आणि प्रत फुकट द्यायची.

यापुढची गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करते. जर्मन मानसशास्त्रज्ञ उडो उंडॉइच यांनी १९६०च्या दशकात एक विचार मांडला : अनुभवलेल्या घटनेचं कथन आणि रचलेल्या घटनेचं कथन यांचा पोतच वेगळा असतो. त्यावरून पुढं एकोणीस निकष तयार झाले. मुख्यतः लहान मुलांच्या साक्षी तपासायला जर्मन न्यायालयांत ते वापरले जातात. त्या निकषांत काय आहे बघा. सांगणारा क्रमानं सांगत नाही, पुढंमागं जातो. मध्येच स्वतःला दुरुस्त करतो. ‘आठवत नाही’ असं कबूल करतो. कुणी काय म्हणालं ते त्याच शब्दांत सांगतो. घटनेशी संबंध नसलेला फालतू तपशील देतो. अडथळा आला तर तोही सांगतो. रचून सांगणारा असं करायला धजत नाही. आपण गोंधळलेले दिसू, अशी त्याला भीती असते. त्याची गोष्ट सरळ रेषेत चालते.

आता माझी फिर्याद परत वाचा. ‘नाही नाही, दूध नंतर’ गेलं. महाग कोथिंबीर गेली. मास्तरांचं वाक्य गेलं. ‘बहुतेक’ गेलं. खरेपणाच्या म्हणून ज्या खुणा शास्त्रानं शोधल्या, त्या एकूण एक काढून टाकूनच आपल्याकडचा जबाब ‘व्यवस्थित’ होतो. असा कागद समोर ठेवून यातला माणूस खरं बोलतो का, असं भाषेवरून ठरवायला बसणं म्हणजे इस्त्री केलेल्या सदऱ्यावरून घालणारा कुठं बसला होता ते ओळखण्यासारखं आहे.

तरीही असे दावे करणारे आहेत. इस्रायली पोलिसांत खोटं पकडण्याच्या यंत्रावर काम केलेले अविनोअम सापिर यांनी हातानं लिहिलेल्या जबाबाची तपासणी करायची एक पद्धत काढली आणि अनेक देशांतल्या पोलिसांनी तिचं प्रशिक्षण घेतलं. ‘मी’चा ‘आम्ही’ कुठं झाला, सर्वनाम कुठं गळालं, काळ कुठं बदलला, भावना गोष्टीच्या कुठल्या टप्प्यावर आली, अशा खुणा त्यात मोजतात. ऐकायला पटतं. पण २०१६ साली मास्ट्रिख्ट आणि पोर्ट्समथ इथल्या संशोधकांनी खरे आणि रचलेले जबाब घेऊन ती तपासली, तेव्हा दोन्ही प्रकारचे जबाब तिला वेगळे काढता आले नाहीत. संगणकानं शब्द मोजून थोडं बरं जमतं. अमेरिकेत २००३ साली असा प्रयोग झाला. खोटं सांगणारे ‘मी’ कमी वापरतात, असं त्यात दिसलं, आणि संगणकाचा अंदाज शंभरात साधारण एकसष्ट वेळा बरोबर आला. नुसतं ऐकून-वाचून ओळखणाऱ्या माणसांचा आकडा, दोनशेहून अधिक अभ्यासांच्या बेरजेतून, चोपन्नाच्या आसपास निघतो. नाणं उडवलं तरी पन्नास मिळतात. एकसष्ट हा आकडा संशोधनात महत्त्वाचा. पण कुणाला तुरुंगात धाडायला तो पुरे असं म्हणवेल का?

आणि ‘मी’ची ही मोजदाद इंग्रजीतली. मराठीत ‘मी’ मोजायचा कसा? ‘बाजारात गेलो’ यात ‘मी’ नाही, तरी ‘गेलो’मध्ये बोलणारा उभा आहे. ‘दार लावलं’ यात मात्र तो कुठंच नाही, कारण क्रियापद दाराच्या मागं गेलं. दोन्ही वाक्यं आपण दिवसातून शंभरदा बोलतो, खरं बोलताना बोलतो. उलट जबाबदारी झटकायची तर मराठीत सर्वनाम लपवायची गरजच नाही. ‘कप फोडला’ऐवजी ‘कप फुटला’ म्हटलं की झालं. ‘माझ्या हातून राहून गेलं’ यात ‘माझ्या’ अगदी ठळक आहे, तरी दोष मात्र हाताकडं गेला. ऐकीव गोष्ट तर आपण एका ‘म्हणे’वर टाकून मोकळे होतो.

कोल्हापुरात आणखी पंचाईत आहे. इथं आपल्या एकट्याविषयी ‘आम्ही’ म्हणायची रीत आहे. ‘आम्ही काय म्हणतोय’ म्हणणारा माणूस एकटाच असतो, त्यात लपवाछपवी नसते. आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी बायका ‘मी जातो’, ‘मी येतो’ असंच बोलतात. माझी आत्ती आयुष्यभर तसंच बोलली. “मी आलो रं, कडी काढ,” अशी हाक दारातून यायची. बाहेरच्या कुणा तज्ज्ञाच्या हाती तिचं बोलणं जसंच्या तसं लिहून पडलं असतं, तर हा मजकूर बाईच्या नावानं पुरुषानं रचला आहे, असा शेरा त्यानं खात्रीनं मारला असता. पिगटच्या एका अक्षरानं जी बनावट उघडी पडली, तशीच दिसणारी खूण इथं निव्वळ बोली आहे. म्हणून तुलना करायची तर त्याच माणसाच्या, त्याच गावच्या बोलण्याशी करावी लागते. पुस्तकातल्या मराठीशी तुलना करून काही हाती लागत नाही.

गेल्या काही वर्षांत संशोधकांनी मोर्चा वळवला आहे आणि मला ती दिशा जास्त प्रामाणिक वाटते. गालित नहारी आणि अल्डर्ट व्रे यांचं म्हणणं असं, की खोटं सांगणाराही तपशील देतो, पण पडताळता येतील असे तपशील टाळतो. ‘चहा घेतला, गाडा कडेला होता, चहा गोड होता’ यात तपशील खूप, पण हाती काही लागत नाही. ‘चहाचे दहा रुपये फोनवरून दिले’ यात एकच तपशील, पण तो तपासता येतो. इथं भाषेचं काम निकाल देण्याचं उरत नाही. पुढं कुठं जाऊन विचारायचं, एवढं ती दाखवते. बर्व्यांच्या नावाची पत्रं हातात आल्यावर पुण्यात कुणी हाच प्रश्न विचारला असता, यातली कुठली गोष्ट कोल्हापुरात जाऊन दुसऱ्या माणसाकडून खरी करून घेता येईल, तर कदाचित डोंगरीची वाट टळली असती.

१७ ऑगस्ट २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची अपिलं आता इथं येतात. अपिलाबरोबर जबाब, पंचनामे, साक्षी येतात, आणि उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालत असल्यानं त्यांचं भाषांतर होतं. समजा, शिरोळकडची एखादी बाई हवालदारापुढं म्हणाली, “कडी लावून गेलतो, कुलूप घातलंतं का न्हाई ध्येनात न्हाई.” ठाण्यात त्याचं ‘मी दरवाजास कडी-कुलूप लावून गेले होते’ झालं. तिचं न आठवणं पुसलं गेलं आणि कुलूप लागलं. मग ते इंग्रजीत गेलं. इंग्रजी क्रियापदाला लिंग नाही, तेव्हा हवालदारानं घातलेलं ‘गेले’तलं बाईपणही तिथं उरलं नाही. पानाच्या वर तिचं नाव आहे, वाक्याच्या सुरुवातीला ‘मी’ आहे. वकील त्या कुलपावर बोट ठेवून विचारतो, साक्षीत तुम्ही कुलपाचं सांगितलं नाही, मग खोटं कधी बोललात, तेव्हा की आता?